आबाराव परदेशात बटण बंद करतात

आबारावांनी ठरवलं ते एवढंच, की यजमानांच्या घरात फुकट जळणारा दिवा बंद करावा. यात वाईट काय होतं, हे ते आजही विचारतात. (उत्तर कुणी देत नाही. ढोकीच्या आसपास त्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत आता कुणी पडत नाही.)

पण ढोकीजवळच्या एका पाणीपुरवठा सोसायटीचा व्हाइस चेअरमन इस्राएलात, एका ज्यू कुटुंबाच्या स्वयंपाकघरात, बटणावर बोट ठेवून उभा कसा राहिला, ते आधी सांगायला हवं.

त्या साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा टांग दिली होती. उसाचं पाचट झालं होतं आणि माणसं टँकरवर जगत होती. अशात उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सहकारी मंडळींचा एक अभ्यास दौरा निघाला. तिकडचे लोक वाळवंटात थेंबाथेंबानं शेती कशी करतात ते बघायचं, आणि दोन दिवस त्यांच्या घरांत राहून त्यांची रीतभातही समजून घ्यायची. जायचं होतं खरं तर चेअरमन नानासाहेबांना. पण नानासाहेबांना विमानाची भीती वाटायची, आणि भीती वाटते हे सांगायची त्याहून जास्त. तेव्हा ऐन वेळी त्यांची कंबर धरली.

"आबाराव, तुमीच जावा," पलंगावर आडवं होऊन ते म्हणाले. "आन् जिल्ह्याचं नाव खाली पडू देऊ नका."

आबारावांना कुठंच जायचं नव्हतं. त्यांना झोपायचं होतं. दोन वर्षं टँकरच्या खेपा, चारा छावणी आणि सभासदांच्या शिव्या, यात त्यांची झोप अशी तुकड्या-तुकड्यांनी गेली होती. विमानात निदान 'आमच्या वस्तीवर टँकर कधी?' असं कुणी विचारणार नाही, एवढ्या आशेवर ते चढले. (शेजारी सोसायटीचा सेक्रेटरी मच्छिंद्र बसला होता. त्यानं विचारलं.)

तिकडं गेल्यावर आठवडाभर त्यांना उन्हातून हिंडवलं. नळ्या दाखवल्या, नळ्यांची भोकं दाखवली, भोकांतून पडणारा थेंब दाखवला. थेंब बघून मच्छिंद्र दर वेळी "वा!" म्हणायचा. आबारावही सुरुवातीला म्हणाले. नंतर नुसती मान हलवू लागले, आणि शेवटी शेवटी ती आपोआपच हलत होती, कारण ते उभ्या उभ्या पेंगत होते.

शुक्रवारी दुपारी वाळवंटाच्या कडेच्या एका लहान गावात मंडळींना दोन-दोन करून घरोघर वाटलं. आबाराव आणि मच्छिंद्र एका दारात बॅगा घेऊन उभे राहिले. आतून साठीची एक बाई आली. आबारावांनी पाठ केलेलं 'शालोम' तोंडात घोळवलं, तोच ती म्हणाली,

"या, या! किती वाळलात उन्हानं. आधी पाणी घ्या बरं."

'शालोम' आबारावांच्या घशातच राहिलं.

या हन्नाबाई अष्टमकर. घराणं मूळचं अलिबागेकडच्या नवगावचं. त्यांचे यजमान बेंजामिनकाका मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपात होते. वीस-एक वर्षांपूर्वी सगळं बिऱ्हाड घेऊन इकडं आले. बरोबर बेंजामिनकाकांच्या आई, लेआबाई. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं, पण तोंडानं काही कमी नव्हतं.

"कोकणात आमच्या लोकांचे तेलाचे घाणे," हन्नाबाई चहा देता देता सांगत होत्या. "शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणायचं. अजून पाळतो आम्ही. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही."

"समजलं," आबाराव म्हणाले. "आमच्याकडं बी अवसेला बैल जुंपत न्हाईत."

इथंच घोळ झाला. एखादी गोष्ट समजली असं एकदा वाटलं, की आबाराव पुढचं ऐकत नसत. हन्नाबाई पुढं बरंच काही सांगत होत्या, दिव्याचं, शेगडीचं, कशाला हात लावत नाहीत त्याचं. पण खुर्ची मऊ होती. आबारावांची मान हलत होती, आणि हन्नाबाईंना वाटलं, पाहुणा किती मन लावून ऐकतोय!

जाग आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. बेंजामिनकाका प्रार्थनेला गेले होते, मच्छिंद्र रीतभात बघायला त्यांच्याबरोबर. हन्नाबाई सासूला घेऊन शेजारी गेल्या होत्या. बाहेर अंधारून आलेलं. आणि घरात दिवाळी! बैठकीत दिवा, ओसरीत दिवा, न्हाणीघरात दिवा. स्वयंपाकघरात विजेची एक सपाट शेगडी तापत होती, तिच्यावर झाकलेली पातेली, आणि समोर माणूस नाही.

आबारावांनी दिवे मोजले. आमच्याकडं मोटारीला दोन तास वीज मिळावी म्हणून माणसं तारेवर टाकलेल्या आकड्याकडं बघत बसतात, आन् हितं? बिचारी विसरून गेली असतील. पाहुण्यांच्या गडबडीत होतं असं.

त्यांनी हिंडून एक-एक बटण बंद केलं. शेगडीचं तर दोनदा बघितलं, नीट बंद झालंय ना म्हणून. कोनाड्यात काचेच्या पेल्यात खोबऱ्याच्या तेलावर एक वात तेवत होती. ती देवापुढची दिसली, तिला हात लावला नाही. (तेवढं भान त्यांना होतं, असं ते आवर्जून सांगतात.) मग समाधानानं ते खुर्चीत बसले. आठवडाभरात पहिल्यांदाच आपण कुणाच्या उपयोगी पडलो, असं त्यांना वाटलं.

मंडळी परतली आणि दारातच थबकली.

"अगं बाई!" हन्नाबाई म्हणाल्या.

"म्याच बंद केलं समदं," आबाराव नम्रपणे म्हणाले. "आभार मानायचं काम न्हाय."

आभार कुणी मानले नाहीत. बेंजामिनकाकांनी दाढी कुरवाळली. हन्नाबाई शेगडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या पातेल्यांत नारळाच्या दुधातली कोंबडी होती. आत्ताची होती आणि उद्या दुपारचीही. उद्या गावातली सगळी मराठी घरं जेवायला बोलावली होती, मायदेशाचा माणूस बघायला. दिवस मावळला होता, तेव्हा घरचं कुणी बटणाला हात लावू शकत नव्हतं. पाहुण्याला 'लाव' म्हणणंही रीतीत बसत नव्हतं. नुसतं सुचवलं आणि त्यानं आपणहून केलं, तर चालत होतं.

हन्नाबाईंनी सुरुवात केली. "अंधार फार झालाय, नाही?"

"व्हय," आबाराव म्हणाले. "डोळ्याला लई गार वाटायलंय."

"पायाखालचं काही दिसत नाही."

"सावकाश चाला बाई. घाई कशाची?"

हन्नाबाईंनी दम घेतला. "कोंबडी गरम असली की चव वेगळीच असते."

"गारच बरी. मुरती."

मच्छिंद्राला भूक लागली होती. तो सरळ म्हणाला, "काका, दिवा लावू का?"

बेंजामिनकाका गंभीरपणे म्हणाले, "मी काही सांगू शकत नाही."

झालं. आबारावांनी मच्छिंद्राचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. "गप बस की! घरधन्याची इच्छा न्हाय, दिसंना व्हय तुला? दुसऱ्याच्या घरात आगाऊपणा करू ने."

मग अंधारात सगळे बसून राहिले. कोनाड्यातली वात तेवढी जागी होती. शेवटी लेआबाईंनी काठी आपटली.

"हन्ना, आपल्या नवगावची ती शेजारीण आठवते? कोळीण? शुक्रवारी आपली आपण यायची, चूल पेटवायची, दिवा लावायची, जायची. आपण सांगायचं नाही, तिनं विचारायचं नाही. देव तिचं भलं करो. किती लांबून माणसं येतात आता, पण तसली अक्कल येत नाही बरोबर!"

आबाराव क्षणभर मान हलवत राहिले. मग मान थांबली.

आधी त्यांना कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या वाटल्या. मग ते उठले ते थेट भिंतीकडं. शेगडी लावली. दिवे लावले. शरमेच्या भरात सापडेल ते बटण दाबलं. पंखा सुरू झाला. कपाटावरचा रेडिओ सुरू झाला आणि त्यात एक बाई हिब्रूत मोठ्यानं भांडल्यासारखं बोलू लागली.

"आवाज जरा मोठा आहे, नाही?" हन्नाबाई कानावर हात ठेवून म्हणाल्या.

"व्हय," आबाराव घाम पुसत ओरडले, "खणखणीत हाय रेडिओ!"

या वेळी मात्र मच्छिंद्र उठला आणि कुणाला काही न विचारता त्यानं रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी कोंबडी गरम होती. घर माणसांनी भरलं. कुणी अलिबागचं, कुणी पेणचं, कुणी ठाण्याचं. ढोकी कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मराठी बोलणारा माणूस म्हणून सगळे आबारावांना बघत होते. लेआबाई त्यांचा हात धरूनच बसल्या होत्या.

"बोल रे बाबा, काही पण बोल," त्या म्हणाल्या. "पाऊस कसा आहे आपल्याकडं? कौलांवर तसाच वाजतो ना?"

आबारावांनी खिडकीबाहेरच्या वाळूकडं बघितलं. ढोकीत कौलं नव्हती, आणि पाऊसही नव्हता. तो शेवटचा कधी वाजला ते त्यांनाही नीट आठवेना.

"वाजतो की," ते म्हणाले. "लई वाजतो."

म्हातारीनं डोळे मिटून घेतले आणि हसली. मग बराच वेळ आबाराव पावसाबद्दलच बोलत राहिले. कधी न पडलेला पाऊस त्यांनी त्या दुपारी पाडला. मच्छिंद्र त्यांच्याकडं बघत होता.

पंधरवड्यानं ते घरी आले. मंडळींना नळ्यांचं सांगून झालं, नानासाहेबांची कंबर बरी झालेली बघून झाली. मग ओट्यावर बसून त्यांनी बायकोला, मथुराबाईंना, सगळी हकीकत सांगितली. मथुराबाई ज्वारी निवडत ऐकत होत्या. लेआबाईंच्या पावसापाशी त्यांचा हात थांबला. नंतर त्या म्हणाल्या,

"म्हंजी बाईनं तोंडानं सांगायचं न्हाय. नुसतं सुचवायचं. आन् बाप्यानं वळखून उठायचं?"

"व्हय. लई बारीक रीत हाय ती," आबाराव जाणत्या आवाजात म्हणाले. "ध्यान द्यावं लागतं. समद्यांना जमत न्हाय."

"आसं व्हय," मथुराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सूप खाली ठेवून घराच्या कोपऱ्याकडं बघितलं. "रांजणाचा तळ दिसायलाय."

आबारावांनीही बघितलं.

"व्हय की," ते म्हणाले. "घासलाय बी झकास."

मथुराबाई उठल्या, रिकामी घागर आणली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"त्या बाईला सांगायची बंदी होती. मला न्हाय. उठा, टँकर आलाय!"