मिल्हिमचा अंगठा

"माझ्या बाबांना मत दिलं नाहीस तर कुवेतला परत येऊच नकोस," नुहाद म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या बॅगेची चेन खसकन ओढली.

मिल्हिमने मान डोलावली. दोन महिने तो हेच करत होता. डोंगरातल्या त्याच्या गावात मुख्तारपदाची, म्हणजे गावप्रमुखाची, निवडणूक होती आणि उमेदवार दोनच. एक त्याचे सासरे अबू रामिज. दुसरे शाहीनमामा, ज्यांनी बिनबापाच्या मिल्हिमला लहानाचा मोठा केला. दोघांचेही फोन आले, आणि दोघांनाही मिल्हिमने "माझं मत तुम्हालाच" असं सांगून टाकलं. गावाला गेल्याशिवाय मत देता येत नाही आणि कुवेतहून गावाला जायचा प्रश्नच नाही, तर बोलायला काय जातं?

पण मग दोघांनीही तिकीट पाठवलं. आता साहेब रजा नाकारतील, एवढीच आशा होती. साहेबही डोंगरातलेच निघाले.

"गावाची निवडणूक? अरे, मग इथे काय करतोयस? आठवडाभर जा!"

बैरूतच्या विमानतळावर दोघेही घ्यायला आलेले. मिल्हिम मामांच्या गाडीत बसला आणि बॅग सासऱ्यांच्या गाडीत गेली. दुपारी मामांकडे खिम्याचे किब्बे पोटभर खाल्ले आणि लगेच सासऱ्यांकडे उपाशी असल्यासारखे पुन्हा खाल्ले.

"जावईबापू, चेहरा का पडलाय?" सासऱ्यांनी विचारलं.

"काका, प्रवासाने थकलोय," मिल्हिम म्हणाला. किब्बे घशाशी आले होते.

गाव लहान. कुठलं घर कुणाच्या बाजूने, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. लोकांनी हिशेब मांडून ठेवला होता: दोन्हीकडे अगदी सारखी मतं, आणि पारडं फिरणार ते एकट्या मिल्हिमच्या मताने. म्हणजे हरणाऱ्याला कळणारच, की आपल्याला कुणी बुडवलं. ज्याच्या घरात वाढला त्या मामाचं दार बंद होणार, नाही तर बायकोचं. इकडे आड, तिकडे विहीर!

मतदानाच्या दिवशी मिल्हिम सकाळीच मामांच्या मळ्यात पळाला आणि तुतीच्या झाडावर चढून बसला. पोट भरलेलं असूनही हाताला काही चाळा हवा, म्हणून तुती तोडून तोंडात टाकत राहिला. दुपार कलली तेव्हा झाडाखाली आरडाओरडा झाला.

"सापडला! अरे, यादीत याच्या नावावर अजून खूण नाही!"

दोन्ही पक्षांचे लोक एकदमच पोचले होते. एकाने डावा हात धरला, दुसऱ्याने उजवा, आणि वरात शाळेत मतदानाला निघाली. वाटेत झऱ्यावर त्याला तुतीने माखलेले हात धुवायला लावलं. बोटांचे डाग बरेचसे निघाले, पण उजव्या अंगठ्याचा काही निघेना. नखाच्या कडेपर्यंत जांभळा गडद.

शाळेत बसलेला अधिकारी शहरातला होता, कोवळा आणि कडक. मत दिलं की अंगठा शाईत बुडवायचा, ही तिथली रीत. त्याने मिल्हिमचा हात उलटा केला आणि ताडकन उभा राहिला.

"अंगठ्याला शाई आहे! हा कुठेतरी मत देऊन आलाय!"

"शाई कसली? तुती आहे ती!" दोन्ही पक्ष पहिल्यांदाच एका सुरात ओरडले.

"मला तुती-बिती कळत नाही. ए, तू सांग. शाई की तुती?"

सगळी शाळा मिल्हिमच्या तोंडाकडे बघू लागली. तुती म्हणावं तर मत द्यावं लागणार. शाई म्हणावं तर दोनदा मत देण्याचा गुन्हा.

"साहेब," तो खाली मान घालून म्हणाला, "कायद्यापुढे मी काय बोलणार?"

"भाच्या, तोंड उघड की रे!" मामा कळवळले.

भाच्याने आपणहून दोन्ही हात दारातल्या पोलिसापुढे केले. पोलिसाने त्याला शेजारच्या वर्गात नेऊन बाकावर बसवलं आणि दाराशी स्वतः खुर्ची टाकली. खिडकीतून वारा येत होता. पोलीस भला होता, त्याने कॉफीसुद्धा मागवली. दोन महिन्यांत मिल्हिमला इतकं बरं वाटलं नव्हतं. मतदान संपेपर्यंत त्याने एक डुलकीही काढली.

संध्याकाळी मोजणी झाली आणि मामा दोन मतांनी निवडून आले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तेवढ्यात कुणीतरी कच्ची तुती चोळून तो अंगठा स्वच्छ करून दाखवला; शाई असती तर निघाली नसती. अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला आणि मिल्हिमला सोडून दिलं. बाहेर सासरे एकटेच उभे होते. मिल्हिम खालमानेने त्यांच्याजवळ गेला.

"काका, माझं एक मत मिळालं असतं, तरी..."

"हळू बोल!" सासऱ्यांनी त्याला भिंतीकडे ओढलं. "अरे, मी स्वतः शाहीनला मत दिलंय."

"काय?"

"मग काय करू? मुख्तार झालो की ऊठसूट कुणीतरी दाखल्याला, शिक्क्याला दारात. या वयात मला सुखाने फासे खेळू द्या की! तुझ्या बायकोने फोन करकरून उभं केलं मला. तू आलास तेव्हा धडकीच भरली, म्हटलं आता निवडून येतोय मी!"

मिल्हिमला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने सासऱ्यांना कडकडून मिठी मारली. तेवढ्यात त्यांच्याच खिशातला फोन वाजला. कुवेतहून नुहाद होती.

"बाबा, तुम्ही हरलात कसे? त्याने कुणाला मत दिलं? खरं सांगा!"

"पोरी, त्याला काही म्हणायचं नाही हं," अबू रामिज भरल्या गळ्याने म्हणाले. "त्यांनी डांबून ठेवला त्याला. माझ्यासाठी दिवसभर कैदेत बसला बिचारा!"

पलीकडे नुहाद मुसमुसून रडू लागली आणि नवऱ्याचं कौतुक करू लागली. मिल्हिम सासऱ्यांकडे बघतच राहिला. खरं तर मुख्तार व्हायला असाच माणूस हवा होता, असं त्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.