भिंतीला टेकवलेला कॅमेरा

भरमूअण्णा फोटो काढला की कॅमेरा भिंतीला टेकवतात. कुठल्याही भिंतीला नव्हे. निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाला त्यांचा स्टुडिओ आहे, त्याच्या मागच्या भिंतीला. तिथं कॅलेंडरच्या खाली रंग उडून तळहाताएवढा डाग पडलाय, बरोब्बर त्यावर. मग डोळे मिटतात आणि गिऱ्हाइकाला दटावतात, "वायच गप बसा. फोटो निघालाय."

"कुठं निघालाय?" नवखं गिऱ्हाईक विचारतं.

"गप बसा म्हटलं न्हवं?"

पासपोर्ट फोटोसाठी आलेला माणूस बिचारा स्टुलावर अवघडून बसतो. पाच-दहा मिनिटांनी भिंतीतून 'टक' असा आवाज येतो. एकदा आला तर भरमूअण्णा खुलतात. "झालं तुमचं काम. सांजच्याला या." दोनदा आला तर कपाळाला आठ्या. "पुन्हा बसा. मान सरळ. कुणी मेल्यागत तोंड नगा करू."

आवाज कसला, असं मी एकदा विचारलं.

"उंदीर वो मास्तर. आमच्याकडचा उंदीर लई हुशार हाय."

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. उंदीर एक आणि दोन मोजतो, हे माझ्या गळी उतरेना. पण भरमूअण्णांशी वाद घालणं म्हणजे नसतं दुखणं विकत घेणं. 

हे टेकवण्याचं प्रकरण सुरू झालं ते त्या कार्डापासून. दोनेक वर्षं झाली. "बेळगावला जाऊ चला, तुम्हास्नी मोबाइलातलं कळतंय," म्हणून मला भल्या सकाळी एसटीत कोंबलं. कॅमेऱ्यात घालायचं मेमरी कार्डच, पण त्याच्या पोटात वायफाय. कॅमेऱ्यातून काढायची गरज नाही. कॅमेरा चालू ठेवायचा, फोन त्या कार्डाला जोडायचा, की फोटो वाऱ्यावरनं फोनमध्ये. दुकानदारानं खणातून शोधून काढलं, जुना माल होता. दुसरं गिऱ्हाईक किंमत विचारील, किती फोटो मावतात ते विचारील. भरमूअण्णांनी विचारलं, "भिंतीतनं जातंय का?"

"होगताद्री," दुकानदार म्हणाला. जातं म्हणून.

"नऊ इंची भिंत हाय. दोन्ही अंगानं गिलावा."

"अण्णा, फोटो पाठवायचेत का घर बांधायचंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन मी कार्ड जोडून दिलं. नाव काय द्यायचं? "डार्करूम." पासवर्ड? भरमूअण्णांनी एकेक अक्षर सांगून माझ्याकडून लिहून घेतला: darughadunako. दार उघडू नको.

"अहो, हा काय पासवर्ड झाला? कुणीही ओळखील."

"कुणीबी न्हाय. येकच माणूस वळखंल."

मला वाटलं, स्वतःबद्दलच बोलतायत.

आता त्या भिंतीबद्दल सांगायलाच पाहिजे. ती मुळात नव्हतीच. घर एकच होतं, आणि स्टुडिओ दोघा भावांचा. भरमूअण्णा पुढं फोटो काढायचे, थोरले जिनाप्पा, म्हणजे आमचे आप्पा, मागच्या अंधाऱ्या खोलीत, म्हणजे डार्करूममध्ये, ते धुवायचे. आम्ही पोरं बाकावर बसलेलो असायचो आणि आतनं आप्पांचा आवाज यायचा, "दार उघडू नको रं!" उजेडाची तिरीप जरी आत गेली तरी कागद सगळा काळा पडायचा. लोकांच्या लग्नाचं वाटोळं! भरमूअण्णा हौशी, दांडगे, बडबडे. आप्पा मोजकं बोलणारे. ते 'व्हय' म्हणाले तर फोटो चांगला, 'न्हाय' म्हणाले तर पुन्हा काढायचा. त्यात खाडाखोड नाही.

मग भरमूअण्णांनी डिजिटल कॅमेरा आणला. आणला तर आणला, भरल्या दुकानात गिऱ्हाइकांना म्हणाले, "आता धुयाची कटकट मिटली. डार्करूमला कुलूप लावून टाकायचं." आप्पा दारातच उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मग मी आता झाडू मारू व्हय?"

महिन्याभरात वाटणी झाली आणि भिंत उभी राहिली. पुढचा स्टुडिओ धाकट्याला, डार्करूम आणि मागचं घर थोरल्याला. आप्पांचं दार मागच्या बोळात गेलं. "माझ्या दारात पाय ठिवू नगो," हे त्यांचं शेवटचं वाक्य. अकरा वर्षं झाली. दोघंही जैन रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळं भिंतीच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी ताटं वाजतात. बोलणं मात्र शून्य. आप्पांची बायको गेली तेव्हा भरमूअण्णा सगळ्या गावाबरोबर स्मशानात उभे होते, पण भावाच्या घरात गेले नाहीत. गल्लीनं मध्यस्थी करून पाहिली. दोघांनी गल्लीला चहा पाजून परत पाठवलं.

तर गेल्या वैशाखात माझ्या मुलीचं, वैशालीचं, लग्न झालं. फोटो अर्थातच भरमूअण्णांचे. बोरगावची सोयरीक, निम्मी मंडळी कानडी बोलणारी. भरमूअण्णा स्टुलावर चढून ओरडत होते, "स्वल्प नग्री पाव्हणं, हसा की जरा! तुमचं काय चोरीला गेलंय?" संध्याकाळी पाठवणी. वैशाली माझ्या गळ्यात पडून रडत होती, माझं मलाच कळत नव्हतं, आणि हा गृहस्थ काय म्हणतो? "मास्तर, वायच हिकडं वळून रडा. दिवस मावळालाय. उजेड गेला म्हणजे फोटो गेला, आणि माझं जेवाण बी गेलं."

फोटो चार दिवसांत मिळायचे होते. आठ दिवस झाले, पत्ता नाही. वैशालीचा रोज फोन. "बाबा, सासूबाई विचारायल्यात. भरमूकाकांनी कॅमेऱ्यात रोल तरी घातला होता का?" शेवटी माझं डोकं सटकलं. मी तणतणत स्टुडिओत गेलो.

भरमूअण्णा कॅमेरा भिंतीला टेकवून, स्वतः भिंतीला कान लावून उभे.

"अण्णा, फोटो!"

"अजून पास व्हायचेत."

"पास कोण करणार? तुमचा उंदीर?"

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. हळूच स्टुलावर बसले. दांडगा माणूस, एकदम लहान दिसायला लागला.

"उंदीर आठ दिस बोलंना झालाय वो मास्तर."

मग सगळं बाहेर आलं. "कार्ड चालू केलं, नाव तेवढं डार्करूम ठिवलं. आप्पाला म्यां कायबी सांगितलं न्हाय. म्हटलं, त्याच्या फोनवर ते नाव दिसंल, पासवर्ड वळखंल का बघू. तिसऱ्या दिशी भिंतीतनं टक आली. पयल्या जमान्यात त्येचे हात वले असायचे, दार उघडता यायचं न्हाय, म्हणून कोपरानं दाराला टक मारायचा. येक म्हंजे जमलं. दोन म्हंजे पुन्हा काढ. तवापासनं दोन वर्षं त्योच पास करतोय. आणि आता टक न्हाय. ताटाचा आवाज बी न्हाय. येकटाच असतोय मास्तर तकडं."

"अहो मग जाऊन बघायचं! बोळातनं वळसा घालायला दोन मिनिटं लागत नाहीत!"

"दारात पाय ठिवू नगो म्हटलंय त्यानं." आणि डोळे पुसत म्हणाले, "तुम्ही जावा की. तुम्हास्नी न्हाय म्हटलेलं."

 मी जवळजवळ पळतच मागच्या बोळात गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. जुन्या डार्करूममध्ये खाटेवर आप्पा उताणे पडलेले, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा.

"कोण?"

"मी मास्तर."



"बसा. मोतीबिंदू काढला. बेळगावला लेकीकडं हुतो, काल सांजचं आलोय. आणि आठवडाभर फोन बघायचा न्हाय म्हणून डॉक्टरनं दम भरलाय." मग म्हणाले, "तुमच्या पोरीचं फोटो झालं न्हवं? सकाळधरनं ह्या फोननं कितीदा टुंग केलं. वायफायनं जोडून घेतलंय वाटतं आपलं आपणच."

"टक का मारली नाही मग?"

आप्पा माझ्यावर उखडलेच. "न बघता मारू? खोटी टक मारू व्हय, मास्तर? आजपावतर मारली न्हाय!"

मग तेच पुढं बोलले, जरा खालच्या आवाजात.

"पाठवणीचा काढलाय का त्यानं? त्यो नेहमी बिघडतोय. पोरगी रडाय लागली की ह्येच्या डोळ्याला पाणी येतंय आणि हात हालतोय. ल्हानपणापासनं असाच. मी दर वेळंला दोन टक देतोय. पण पाठवणी काय पुन्हा काढता येतीय व्हय?"

म्हणजे "हिकडं वळून रडा" म्हणणारा हा कसाई स्वतः रडत होता तर!

मी परत येऊन सगळं सांगितलं. भरमूअण्णांनी ऐकून घेतलं. कॅमेरा गळ्यात घातला, दुकान तसंच उघडं टाकलं आणि अनवाणीच बोळाकडं निघाले. मी मागं. आप्पांच्या दारापाशी आल्यावर मात्र त्यांचे पाय उचलेनात. उंबऱ्याच्या अलीकडं उभे राहिले आणि एका बोटानं दारावर टक केली.

"कोण हाय?" आतनं आवाज.

भरमूअण्णांनी नाव सांगितलं नाही. त्यांचा नेहमीचा गल्लीभर जाणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"दार उघडू?"

आत खाट करकरली, भिंतीकडं कूस वळल्यासारखी. मी मनात म्हटलं, संपलं.

"उघड की रं भरम्या. आता कुठला कागद काळा पडणाराय?"

भरमूअण्णा खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघत एकेक फोटो भावाला सांगायला लागले. "ही मास्तरांची थोरली भण. तोंड वाकडं आलंय." "ती तशीच हाय," आप्पा म्हणायचे आणि खाटेच्या लाकडी कडेवर, गातावर, एक टक. "ह्यो नवरदेव. डोळं मिटल्यात." दोन टक. माझ्या देखत माझ्या नातेवाइकांचा निकाल लागत होता आणि मला चकार शब्द काढायची सोय नव्हती. दिवस कलायला लागला, तसे आप्पा मध्येच म्हणाले, "भरम्या, दोन ताटं घे. फळीवर हायती." भरमूअण्णा उठले आणि न विचारता बरोबर फळीकडं गेले.

जेवणं झाल्यावर शेवटचा फोटो आला. पाठवणीचा.

"हाललाय?" आप्पांनी विचारलं.

"हाललाय."

आप्पांचा हात चाचपडत खाली आला, भावाच्या डोक्यावर टेकला. मग तो उचलून त्यांनी खाटेवर टक केली. मी दुसरीची वाट बघत राहिलो. ती आली नाही.