तात्यांच्या गाडीचे डोळे

दसऱ्याला आमच्या काल्हेरमध्ये सगळे गाडीला हार घालतात. जनूतात्या गाडीचा हार स्वतःच्या गळ्यात घालतात आणि गाडी चालू ठेवून तिच्या शेजारी उभे राहतात. येणारा-जाणारा विचारतोच, आणि तात्या त्याचीच वाट बघत असतात. "हार गारीला घातला त तिचे डोले झाकतात," असं सांगून ते त्याला गाडीभोवती फेरी मारायला लावतात. पुढे रडार, काचेवर कॅमेरा, बंपरवर टिकल्यांसारखे सेन्सर. माणूस जवळ आला की गाडी टुंग टुंग करते आणि तात्यांचा चेहरा असा फुलतो, जणू नातवाने पहिला शब्द काढला. शेवटचं वाक्य ठरलेलं: "गारीला सगलं दिसतं."

मी तात्यांचा शेजारी आणि त्यांचा विमा एजंट. म्हणजे गाडीचं कौतुकही माझ्या वाट्याला आणि तिचं दुखणंखुपणंही.

तात्यांनी उभी हयात टेम्पो चालवला. भिवंडीतल्या लूमवरून कापडाचे तागे उचलायचे, गोदामात टाकायचे. टेम्पोच्या नाकावर लोखंडी गार्ड होता आणि दर दसऱ्याला तात्या त्याच्यावरच नारळ फोडायचे, एका फटक्यात दोन भकलं. पुढे त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, तीन मजली घर झालं आणि ही पांढरी गाडी दारात आली. पहिल्याच दसऱ्याला तात्यांनी सवयीने नारळ उचलला आणि गाडीच्या नाकावर हाणला. नारळ शाबूत राहिला. बंपर फुटला आणि त्याच्यामागचं रडारही गेलं.

क्लेमच्या कागदावर मी अपघाताचं कारण 'नारळ' असं लिहिलं. सर्व्हेअरने फोन करून विचारलं, झाडावरून पडला का? मी खरं ते सांगितलं. माणूस दिलदार, त्याने क्लेम पास केला.

पुढच्या वर्षी हप्ता वाढला आणि तात्या तरातरा माझ्या ऑफिसात आले. टेम्पोला कुणी ठोकलं तर नाक्यावरचा डेंटिंगवाला हातोडीने पत्रा सरळ करायचा, वर रंगाचा हात मारायचा, काम फत्ते. मग आताच काय एवढं? मी समजावलं की आता नुसत्या बंपरचं भागत नाही, आतलं रडार बदलावं लागतं. काच तडकली तर नवी काच लावून कॅमेऱ्याची नजर मशीनवर पुन्हा जुळवावी लागते. गाडी ठोकर चुकवते हे खरं, पण चुकून लागलंच तर थेट स्पेशालिस्टकडे जाते. दुरुस्ती महाग, म्हणून विमा महाग. तात्या रागावतील असं मला वाटलं होतं. ते तर खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून गावात सांगत सुटले की आपल्या गारीचा विमा आख्ख्या काल्हेरात सगल्यात महाग हाय.

मग एक नवी पॉलिसी आली आणि मीच उड्या मारायला लागलो. स्टेअरिंगखाली एक डबी बसवायची. ती वेग बघते, वळणं बघते, ब्रेक बघते आणि गाडी नीट चालवली तर पुढच्या वर्षी हप्त्यात घसघशीत सूट. अहो, ही पॉलिसी तात्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच काढली असणार! हा माणूस स्पीडब्रेकरवरून गाडी अशी नेतो, जणू मागे बाळंतीण बसली आहे. कंटेनरला हात करून आधी वाट देतो. गाडीने टुंग केलं की "बगितला, बगितला" असं तिला उत्तर देतो. गाडीला धक्का बसला की डबी लगेच मोबाइलवर निरोप पाठवते आणि तात्यांचा फोन बटणांचा, म्हणून मी त्यांच्या मुलीचा, शैलाचा नंबर दिला. शैला बंगळूरला नोकरीला. काकी, म्हणजे शैलाची आई, गेल्यापासून त्या तीन मजल्यांत तात्या एकटेच असतात.

तात्या पहिला नंबर काढणार, असं मी नाक्यावर जाहीर करून टाकलं होतं. वर्षअखेरीस निकाल आला. शेरा: वारंवार अचानक ब्रेक. सूट: काही नाही. मी चवताळलो. डबी बिघडलेली आहे, हे सिद्ध करायचंच म्हणून पुढच्या रविवारी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

वडपे गावापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. मी मनातल्या मनात कंपनीला तक्रार लिहीत होतो. तात्यांनी गोदामांमागच्या रस्त्याला वळण घेतलं. रविवार, शटर बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तात्यांनी आरशात मागे बघितलं, मला नीट बसायला सांगितलं आणि करकचून ब्रेक मारला.

मग गाडी शांतपणे कडेला घेतली, बंद केली आणि खिशातला फोन काढून मांडीवर ठेवला. तो लगेच वाजला. तात्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, लागलं नाही ना कुठे? काय झालं?"

"मना काय न्हाय झाला गो. कुत्रा आला गारीला आरवा."

"तोच काळा कुत्रा?" शैलाच्या आवाजात हसू होतं.

"हाव, तोच."

मग जेवण, गोळ्या, तिच्याकडचा पाऊस, असं बराच वेळ चाललं. तात्या आरशात बघून केस सारखे करत होते, जणू ती समोर बसली आहे. फोन संपल्यावर मी म्हटलं, डबी काढू, साधी पॉलिसी स्वस्त पडेल आणि शैलाला तुम्हीच फोन करा की.

"मी केला त कामात असते, मंग करते म्हनते. मंग ऱ्हाऊन जातं. गारीनी सांगितला क लगेच करते." तात्यांनी रुमालाने डॅशबोर्ड पुसला. "गारीला सगलं दिसतं रं. पन नुसता दिसून काय, कुनाला सांगाया नको?"

मला फार वाईट वाटलं. तक्रार राहिली बाजूला, मी डबीसकट पॉलिसी नवी करून दिली.

गेल्या रविवारी दुपारी माझा फोन वाजला. शैला होती. आवाज घाबरलेला. "दादा, आज रविवार, आणि कुत्रा आला नाही. बाबा फोनही उचलत नाहीत. जरा बघून येता?"

मी चपला न घालताच धावलो. तात्या पहिल्या मजल्यावर गोधडी घेऊन पडले होते, अंगात ताप, फोन खाली राहिलेला. शैलाचा फोन आला होता असं सांगून मी माझ्या फोनवरून तिला लावलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. ती रडत होती, रागावत होती, रात्रीच्या विमानाने निघते म्हणत होती. तात्या नको नको म्हणत होते, पण फोन काही सोडत नव्हते.

शेवटी त्यांनी फोन मला परत दिला. तापाने लाल झालेले डोळे चमकत होते.

"बगितलास?" ते म्हणाले. "आज मी बिरेक मारलाच न्हाय. तरी तिचा फोन आला."