विश्रामभाऊंचा दुसरा रिमोट

विश्रामभाऊ गेम खेळून झाल्यावर दहा मिनिटं गप्प बसतात. टीव्ही बंद, पंखा चालू. गेमचा काळा डबा स्टँडवर उभा, खाली स्टँडचे दोन छोटे पंखे गरगरतायत, आणि सहासष्ट वर्षांचा हा माणूस डब्याला उलटा हात लावून ताप बघतोय. कुणी हसलं तर एकच उत्तर: "इंजिन थंड झाल्याशिवाय चावी काढूची नाय."

सवय जुनी. डिचोलीच्या खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत त्यांनी उभा जन्म ट्रक चालवला. खाणी बंद झाल्या, ट्रक परसात गंजला, शेवटी भंगारात गेला. आता ते टीव्हीवर ट्रकचा गेम खेळतात. गेममध्येसुद्धा सिग्नल मोडत नाहीत, वळणावर हॉर्न देतात, समोरून गाडी आली की रिमोट हातात धरून स्वतः डावीकडे झुकतात.

त्या काळी त्यांच्या मागचा ट्रक माझा असायचा. पुढे वळण मोकळं असलं की ते दोनदा हॉर्न देत. म्हणजे, ये. खाणी बंद होणार याचा वास मला आधी आला. मी घासाघीस करून चांगल्या भावात ट्रक विकला आणि बाजारात इलेक्ट्रॉनिकचं दुकान टाकलं. कुणाचा एक पैसा न घेता. विश्रामभाऊंना ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

तर हा स्टँड माझ्याच दुकानातला. डबा उभा राहतो, थंड होतो, दोन्ही बाजूंना रिमोट लावले की चार्ज होतात. महिन्याभराने भर बाजाराच्या वेळी तो घेऊन भाऊ काउंटरवर हजर.

"सुधाकर, ह्यात खोट आसा. एक बाजू चार्ज करता, दुसरी करीना."

चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. माझ्या मालात खोट? माझं डोकं फिरलं.

"तुम्ही एकटेच खेळता ना, भाऊ? मग दुसरी बाजू कशाला हवी?"

एक गिऱ्हाईक हसलं. भाऊंनी स्टँड पिशवीत घातला. वायर नीट गुंडाळली. "खरा आसा," म्हणाले आणि गेले. त्यानंतर दुकानात आले नाहीत. मीही गेलो नाही. चारचौघांत माझा माल वाईट म्हणणाऱ्याकडे मी का जावं? हे मी स्वतःला पाच महिने सांगत होतो.

परवा भाऊंच्या पत्नी शेवंतीवहिनी बल्ब न्यायला आल्या. मी तोऱ्यातच विचारलं, "काय, भाऊंचा ट्रक चालतोय ना?"

"एक चलता," त्या म्हणाल्या. "दुसरो उभो आसा."

"दुसरा कुणाचा?"

"तुमचोच मा, भावजी. दुसरो रिमोट रोज भिंतीच्या चार्जरार भरून ठेयतत. सुधाकर येतलो आनि बॅटरी नसली तर चिडतलो, म्हणतत. गेम दोघांचो लायतत. ह्यांचो ट्रक भायर पडता, तुमचो फाटकातच. मगे हे वळणार जावन थांबतत, हॉर्न देतत, आनि परत मागे येतत."

बल्ब कागदात गुंडाळायला मला दोनदा कागद घ्यावा लागला.

काल दुपारी दुकान बंद करून नवा स्टँड घेऊन गेलो. दोन्ही बाजूंचे चार्जिंगचे दिवे घरी तपासले होते, एकदा नाही, चारदा. वाटेत बोलायचं ठरवलं होतं. स्टँडबद्दल. ट्रक विकण्याआधी त्यांना एक शब्द सांगायला हवा होता, त्याबद्दलही.

त्यांच्या पायरीवर पोचलो तर आतून टीव्हीचा आवाज येत होता. इंजिनाची घरघर दूर गेली आणि थांबली.

दोनदा हॉर्न वाजला.

मी खोका काखेत धरून उभा. मग पुन्हा दोनदा.

चपला काढायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.