पाहुणे भिंग, पुस्तकं भिंगरीची

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा ग्रंथपालबाई शिडीवर उभ्या होत्या. एका हातात धूळ पुसायचं फडकं होतं, दुसऱ्या हाताने त्यांनी फोन कानाला लावला.

"कार्यक्रमाचे पाहुणे ठरले," अध्यक्ष म्हणाले. "चित्रकथा लिहितात ते. भिंग. री..."

आणि फोन तुटला. अध्यक्ष नेमके लिफ्टमध्ये शिरले होते. 'रीतसर पत्र गेलंय' असं त्यांना म्हणायचं होतं. बाईंनी ऐकलं ते 'भिंगरी'.

उलट फोन करून खात्री करता आली असती. पण एकदा सांगितलेलं नीट ऐकावं, असं सव्वीस वर्षं वाचकांना सुनावणाऱ्या बाईंना ते कमीपणाचं वाटलं. त्यांनी यादी काढली आणि भिंगरी या नावाने लिहिणाऱ्या लेखिकेची सातही पुस्तकं मागवली.

या कार्यक्रमावर बरंच काही अवलंबून होतं. वाचनालयाच्या समितीतल्या निम्म्या लोकांच्या मते चित्रकथा म्हणजे पोरखेळ. चित्रकथांचं कपाट हलवून तिथे बैठकीचं टेबल टाकायचं घाटत होतं. "माणसं आली तर कपाट राहील," असं अध्यक्षांनी बजावलं होतं. बाईंनी स्वतः जन्मात चित्रकथा वाचलेली नव्हती. पण पुस्तकं बाहेर आणि टेबल आत, हे आपण असेपर्यंत होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पहिलं पुस्तक त्यांनी बारा मिनिटांत संपवलं. फक्त पात्रांच्या तोंडच्या फुग्यांतले शब्द वाचले आणि मिटून ठेवलं.

"यात आहे काय एवढं?" त्यांनी भाचीला विचारलं.

"मावशी, चित्रं बघितलीस का?"

"चित्रं दिसतात मला."

"मग सांग, यातली लिफ्ट चालवणारी बाई रोज चौथ्या मजल्यावर का थांबते? तिथे तर कुणीच चढत नाही."

बाई परत पहिल्या पानावर गेल्या. तिसऱ्या वाचनात त्यांना दिसलं, की चौथ्या मजल्यावरच्या एका दाराबाहेर सुरुवातीला चपलांचे दोन जोड आहेत आणि अकराव्या पानापासून एकच. त्याबद्दल अख्ख्या पुस्तकात कुणी चकार शब्द काढलेला नव्हता. बाईंनी चष्मा काढून पुसला, मग डोळे पुसले आणि दुसरं पुस्तक उघडलं.

त्यानंतर महिनाभर वाचनालयातून कुणीही भिंगरी न घेता सुटलं नाही. पाकशास्त्राचं पुस्तक मागायला आलेल्या निवृत्त परिचारिकेला बाईंनी आधी भिंगरी दिली. ती दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन आली. कार्यक्रमासाठी साठ जणांनी नावं नोंदवली. फाटकावर पाटी लागली, 'भिंगरी यांच्याशी गप्पा'. दारातल्या टेबलावर सात पुस्तकं ओळीने मांडली गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी साडेतीनला एक दाढीवाले गृहस्थ टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी सातही पुस्तकं एकेक करून पाहिली.

"मी भिंग," ते म्हणाले.

पुरुषही बाईच्या नावाने लिहितात, हे बाईंना ठाऊक होतं. घरगुती बोलण्यात 'री' गळत असेल, असं समजून त्यांनी तोंडभरून स्वागत केलं. तेवढ्यात अध्यक्ष आले. महिनाभर गावाला गेलेले ते थेट तिथेच उतरले होते.

"या या, भिंगसाहेब," असं म्हणत त्यांनी टेबलाकडे नजर टाकली आणि हळूच बाईंच्या कानाशी आले. "ही भिंगरी कोण? यांची पुस्तकं कुठायत?"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. आत साठ माणसं बसली होती आणि त्यांतल्या एकानेही भिंग वाचलेला नव्हता. खुद्द बाईंनीही नाही. समितीचे चार जण मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

"आता काय करायचं?" अध्यक्षांनी घाम पुसला.

"कार्यक्रम करायचा," बाई म्हणाल्या.

त्यांनी भिंगरीसाठी काढलेल्या प्रश्नांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि व्यासपीठावर गेल्या. "आजच्या पाहुण्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको," असं म्हणून त्यांनी नावाची अडचण तिथल्या तिथे मिटवली. मग थेट मुद्द्याला हात घातला.

"आज जे लिहितायत, त्यांतले तुमचे आवडते चित्रकथा-लेखक कोण?"

हा माणूस भिंगरीचं नाव घेईल, मग लोक बोलू लागतील आणि गाडी रुळावर येईल, असा त्यांचा हिशोब होता.

"शाईवाले," भिंग म्हणाले. "त्यांचा खलनायक कधी ओरडत नाही. फार नम्रपणे बोलतो. म्हणून त्याची जास्त भीती वाटते."

"छान. आणखी?"

"उंट या नावाने एक जण लिहितो. त्याचे विनोद पुढच्या माणसांच्या तोंडी नसतात, मागच्या दुकानांच्या पाट्यांवर असतात. ते शोधायला पुस्तक दुसऱ्यांदा वाचावंच लागतं."

"आणखी?"

"दोघी बहिणी आहेत. एक लिहिते, एक चित्रं काढते. लिहिणारी म्हणते, नायक आनंदात आहे. काढणारी त्याच्या मुठी आवळलेल्या दाखवते. दोघींतलं खरं कुणाचं, ते आपण ठरवायचं."

लोक सरसावून बसले होते. कुणी नावं टिपून घेत होतं. बाईंना हवं ते नाव मात्र अजून आलं नव्हतं.

"आणखी?"

भिंग पाणी प्यायले. "एक म्हातारे डॉक्टर आहेत. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या माणसांच्या गोष्टी लिहितात. त्यांची शेवटची चौकट नेहमी रिकामी असते."

"आणखी?" बाईंचा आवाज आता वर्गात उत्तर काढून घेणाऱ्या शिक्षिकेसारखा झाला होता. "लिफ्ट वगैरे असलेलं काही?"

भिंगांनी दाढीवरून हात फिरवला.

"आहे एक," ते म्हणाले. "भिंगरी. तिचं नाव मी टाळतो. तिचं पुस्तक वाचलं की पंधरा दिवस मला लिहिता येत नाही. आपण चार पानं बडबडून जे सांगतो, ते ही बाई चपलांच्या एका जोडात सांगते."

"पान अकरा," पहिल्या रांगेतून परिचारिका म्हणाली.

"पान अकरा," भिंग म्हणाले.

मग बांध फुटला. तो दुसरा जोड नेमका कुणाचा, यावर परिचारिका आणि तिच्या नवऱ्याची जुंपली. समितीतला एक सदस्य मागून उठला आणि जोड मुलाचाच असणार, असं ठासून म्हणाला. त्याने पुस्तक गुपचूप वाचलं होतं, हे त्यावरून सगळ्यांनाच कळलं. भिंग आणि भिंगरी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, एवढं लोकांच्या ध्यानात आलं, पण त्याची चौकशी करायला कुणाला सवड नव्हती. साडेपाचला माणसं उठली तेव्हा अध्यक्ष बाईंना म्हणाले, "कपाट राहू द्या. दुसरंही लागेल बहुतेक."

सगळे पांगल्यावर बाई भिंगांपाशी गेल्या. "चूक माझी होती. माफ करा."

"फाटकावरची पाटी वाचली तेव्हाच कळलं मला."

"मग पहिल्यांदाच तिचं नाव का नाही घेतलंत? जीव टांगणीला लागला होता माझा."

"पहिल्यांदाच घेतलं असतं, तर बाकीच्यांबद्दल कुणी ऐकून घेतलं असतं का?" भिंग हसले. मग टेबलावरचं सातवं पुस्तक उचलून त्यांनी चाळलं. "हे नवीन दिसतंय. वाचलेलं नाही मी."

"घरी फक्त सभासदांना नेता येतं," बाई म्हणाल्या. "आणि येत्या पंधरा दिवसांत तुम्हाला काही लिहायचं नाही ना?"

"प्रकाशकाला सोमवारी हस्तलिखित द्यायचंय. शेवट लिहायचा राहिलाय."

भिंगांनी फोन काढून प्रकाशकाला उशीर होईल म्हणून कळवलं, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि पहिलं पान उघडलं.