लिमयांची दातखीळ

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसमोर पांढरा बॉयलर सूट घालून उभ्या असलेल्या चंद्रशेखर लिमयेला आपलं नाव आठवत नव्हतं. तसं ते त्याचं खरं नाव नव्हतंच, सिनेमातलं होतं. पण सकाळी साडेसातपासून अकरा वेळा प्रयत्न करूनही ते तोंडातून बाहेर पडेना, तेव्हा दहावीतल्या सईने, म्हणजे त्याच्या मुलीने, शूटिंग करत असलेला फोन खाली केला.

"बाबा, अगस्त्य! इट्स जस्ट अगस्त्य!"

"माहीत आहे गं. आत्ता माहीत होतं."

मस्कतच्या मराठी मंडळाने यंदा लघुपट स्पर्धा ठेवली होती. विषय विज्ञान, भाषा मराठी, लांबी आठ मिनिटं. सईने कथा लिहिली होती ती सन एकवीसशे ऐंशीची. त्या काळात मूल जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब काढून ते पुढे काय होणार हे ठरवून टाकतात. कुणी शास्त्रज्ञ, कुणी खलाशी, कुणी मंत्री. नायक असतो क्रमांक सात हजार चारशे, आणि त्याच्या रक्तात निघतं 'प्रेक्षक'. त्याने जन्मभर दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायच्या. शेवटच्या दृश्यात तो उंच ठिकाणी उभा राहून जगाला सांगतो, "मी क्रमांक सात हजार चारशे नाही. माझं नाव अगस्त्य, आणि माझं भविष्य माझ्या रक्तात लिहिलेलं नाही!"

सबंध सिनेमात नायकाला तेवढंच बोलायचं होतं, आणि तेवढ्यासाठी सईने आपल्या घराण्यातला माणूस निवडला होता.

लिमयांना चारचौघांत बोलता येत नाही. ऐन वेळी दातखीळ बसते. चंद्रशेखरचे आजोबा गावच्या नाटकात दूत होते. "महाराज, घात झाला" एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ते आले, महाराजांकडे पाहिलं, नमस्कार केला आणि निघून गेले. घात न झाल्यामुळे तिसरा अंक करताच आला नाही. वडील चिपळूणला पोस्टमास्तर. निवृत्तीच्या समारंभात ते उठले, "सभ्य स्त्रीपुरुषहो" म्हणाले आणि खाली बसले. खुद्द चंद्रशेखर स्वतःच्या लग्नात "चांदीच्या वाटीत केशरी श्रीखंड" इथपर्यंत उखाण्यात सुरेख आला आणि मग बायकोचं नाव विसरला. दोन्हीकडची मंडळी इतका वेळ ताटकळली की शेवटी रेखाने आपलं नाव आपणच घेतलं.

या सगळ्याचं चंद्रशेखरला एरवी काही वाटत नसे. पण गेल्या वर्षी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सई माईकसमोर तीन मिनिटं नुसती उभी राहिली. घरी येऊन तिने दप्तर फेकलं आणि म्हणाली, "इट्स जेनेटिक, बाबा. आपल्याला नाही येत. खलास." त्या 'आपल्याला'ने चंद्रशेखरच्या काळजाला घरं पडली. टक्कल दिलं असतं तर हरकत नव्हती, पोरीला हे कशाला दिलं? तो तावातावाने म्हणाला होता, "रक्तात काही नसतं. मनात आणलं की सगळं जमतं."

"मग तू बोलून दाखव," सई म्हणाली होती. म्हणून तो आज गच्चीत होता.

बॉयलर सूट धनंजयचे होते. धनंजय हा चंद्रशेखरचा राजापूरचा मित्र, दूरच्या दुक्म बंदरातल्या प्रकल्पावर नोकरीला. सुट्टीला मस्कतला येताना त्याने कंपनीचे दोन कोरे सूट आणि एक हेल्मेट आणलं होतं. सिनेमात तो पहारेकरी होता. दुपारी एकच्या बसने सगळं सामान घेऊन त्याला परत जायचं होतं.

"शेखर, एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "डोळे मीट नि बोलून टाक. यल्ला!"

चंद्रशेखरने डोळे मिटले. वाक्यही मिटलं.

मग रेखाने ते वाक्य मोठ्या अक्षरांत चार कागदांवर लिहून समोरच्या एसीच्या युनिटवर चिकटवलं. चंद्रशेखर "मी क्रमांक" इथपर्यंत पोचला आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी एसी लावला. युनिटचा पंखा फिरला आणि चारही कागद कठड्यावरून उडून खाली राहणाऱ्या खैरुन्निसाबाजींच्या बाल्कनीत जाऊन पडले. सुट्टीच्या दिवशी आकाशातून कागद का पडतात हे पाहायला बाजींनी वर मान केली. गच्चीत त्यांना एक पांढरा माणूस हातवारे करताना दिसला आणि त्याच्यामागे दुसरा, हेल्मेट घातलेला. त्यांनी घाबरून इमारतीच्या रखवालदाराला फोन लावला.

वर कुणाला याचा पत्ता नव्हता. रेखा आता टाकीमागे बसून कुजबुजत वाक्य सांगणार होती.

"अहो," टाकीमागून आवाज आला, "मी क्रमांक..."

"हो, येताना आणतो," चंद्रशेखर म्हणाला.

सत्तावीस वर्षांच्या संसाराची सवय, त्याला तो तरी काय करणार? धनंजय हसून हसून हेल्मेटसकट खाली बसला. सई हसली नाही. "ओके," ती म्हणाली, "अगेन." तेविसाव्या वेळीही ती "ओके" म्हणाली, पण आता तिचा आवाज इतका सौम्य झाला होता की चंद्रशेखरला त्यापेक्षा तिने ओरडावं असं वाटलं. ऊन टाळूवर आलं होतं. घाम डोळ्यांत जात होता. पोरीने आपल्याबद्दलची आशा सोडली आहे हे त्याला स्पष्ट कळत होतं, आणि आपल्याबद्दलची म्हणजे तिच्या स्वतःबद्दलचीही.

पावणेबारा वाजता जिन्याचं दार उघडलं. रखवालदार आत आला आणि त्याच्यामागून इमारतीचे मालक, म्हातारे अर्बाब सलीम. जुम्म्याच्या नमाजला निघालेले, पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, अत्तराचा वास. त्यांनी टाकीमागे लपलेली बाई पाहिली, हेल्मेटवाला पाहिला आणि चंद्रशेखरपाशी येऊन शांतपणे विचारलं, "तुम कौन?"

चंद्रशेखर ताठ झाला. त्याच्या घशात काहीतरी खाडकन मोकळं झालं.

"मी क्रमांक सात हजार चारशे नाही!" तो गरजला. "माझं नाव अगस्त्य, आणि माझं भविष्य माझ्या रक्तात लिहिलेलं नाही!"

काय आवाज, काय उच्चार! शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. रेखा टाकीमागून उठून उभी राहिली. चंद्रशेखरने सईकडे वळून विचारलं, "आलं ना? घेतलंस ना?"

सईने फोन त्याच्यासमोर धरला. पडदा काळा होता. उन्हाने तापून फोन दोन मिनिटांपूर्वीच बंद पडला होता.

"अगस्त्य?" रेखाला ओळखून अर्बाब म्हणाले. "तीनसौ दो में तो चंद्रशेखर रहता है. अगस्त्य कौन?"

आपणच चंद्रशेखर आहोत हे सांगायला चंद्रशेखरने तोंड उघडलं, पण दातखीळ परत जागेवर आली होती. भाडेकरूने परस्पर भलताच माणूस ठेवला, असा अर्बाबांचा समज होऊ लागला. सूटच्या छातीवर तर कंपनीचं नाव होतं दुक्मचं. शेवटी रेखा धावत खाली गेली, त्याचा बताका, म्हणजे रहिवासी ओळखपत्र, घेऊन आली आणि अर्बाबांनी फोटो आणि माणूस तीनदा ताडून पाहिला. "इन्शाल्ला, तबियत अच्छी हो जाएगी," असं म्हणून ते नमाजला गेले. तोपर्यंत साडेबारा झाले होते. धनंजयने चंद्रशेखरच्या अंगातला सूट अक्षरशः सोलून काढला आणि बस गाठायला पळाला.

सिनेमा त्याच रात्री मंडळाकडे पाठवायचा होता, आणि सूटशिवाय त्याला आता शेवट नव्हता. सतराव्या प्रयत्नाचा तुकडा तेवढा बरा होता, त्यात अगस्त्य तोंड उघडतो आणि उघडंच ठेवतो. सईने तिथेच सिनेमा संपवला.

"आणि वाक्य?" चंद्रशेखरने विचारलं.

"मी स्टेजवर जाऊन बोलणार. सिनेमा संपला की लगेच." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "दुसरा काय ऑप्शन आहे, बाबा?"

चंद्रशेखरला त्या आठवड्यात अन्न गोड लागलं नाही. आपल्याला बोलता आलं नाही म्हणून आता पोरीला बोलावं लागणार होतं.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी हॉल भरला होता. पडद्यावर अगस्त्यने तोंड उघडलं, सिनेमा संपला, दिवे लागले. सई माईकसमोर आली. तिनेही तोंड उघडलं.

काही आलं नाही.

दहा सेकंद गेले, वीस गेले. तिसऱ्या रांगेत चंद्रशेखर उठून उभा राहिला. वाक्य तिला सांगावं, एवढंच त्याच्या मनात होतं. झोपेतसुद्धा पाठ झालेलं ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच बसलं. मंचावर लेक आणि खाली बाप, एकमेकांकडे बघत, दोघांची तोंडं सारखीच उघडी. रेखाने डोळ्यांना पदर लावला. सगळं संपलं असं चंद्रशेखरला वाटलं. आपले आजोबा, वडील, आपण आणि आता ही.

मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. परीक्षक अश्लेषाताई माईकशी आल्या. "पडद्यावर तोच चेहरा, मंचावर तोच, आणि प्रेक्षकांत तोच! रक्तातल्या नशिबाविरुद्धचा हा मूक आक्रोश शब्दांत मांडला असता तर किती स्वस्त झाला असता! हा धाडसी प्रयोग आम्ही एकमताने पहिला ठरवला आहे. विजेत्यांना विनंती, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

चंद्रशेखर ढाल हातात घेऊन मंचावर खांबासारखा उभा राहिला. तो बोलणार नाही हे सईला माहीत होतं. तिने माईक घेतला आणि दुसऱ्या हाताने त्याचा साधा सदरा घट्ट पकडला.

"सभ्य स्त्रीपुरुषहो," ती म्हणाली.

चंद्रशेखरने डोळे मिटले. आता ती खाली बसणार.

"मी," ती म्हणाली. मोठा श्वास घेतला. "मी सई."

आणि माईक परत दिला.

घरी जाताना गाडीतूनच चंद्रशेखरने चिपळूणला वडिलांना फोन लावला. "बाबा, सई आज बोलली. सगळ्यांसमोर."

"काय बोलली?"

"सभ्य स्त्रीपुरुषहो."

"आणि मग बसली?"

"नाही बाबा. त्याच्या पुढे दोन शब्द बोलली."

त्यावर वडिलांना काहीतरी म्हणायचं होतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. चंद्रशेखरलाही म्हणायचं होतं. गाडी वादी कबीरच्या सिग्नलला थांबली, सुटली, तरी दोन्हीकडून एक अक्षर आलं नाही. शेवटी रेखाने त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "बाबा, जेवून घ्या आता."