केपा शिल्लक नसल्याचा दाखला

सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि जयराज पिसाळने पाटीवरचा भाव दोनदा पुसून तिसऱ्यांदा लिहिला होता. आधी सहाशे, मग साडेसातशे, आता नऊशे. वस्तू तीच, शंभर केपांची पत्र्याची डबी. केप म्हणजे ठासणीच्या बंदुकीच्या घोड्याखाली बसवायची तांब्याची इवलीशी टोपी. ती नसेल तर बंदूक ही नुसती जड काठी. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ही डबी छापील चारशेला मिळत असे, आणि तीसुद्धा जयराज गिऱ्हाइकाला चहा पाजून गळ्यात मारत असे. मग कारखान्याकडून माल यायचा थांबला आणि आपल्यात एक थोर अर्थतज्ज्ञ दडलेला आहे, असा शोध जयराजला लागला.

कराडच्या पेठेतले हे दुकान त्याच्या आजोबांच्या वेळचे. नाव 'पिसाळ शस्त्र भांडार', पण शस्त्रांवर पोट भरत नाही म्हणून तिथे टॉर्च होते, काठ्या होत्या आणि लग्नसराईत नवरदेवांना भाड्याने द्यायच्या तलवारी होत्या. केपा आणि बंदुकीची दारू विकायचा परवाना मात्र आसपासच्या तालुक्यांत त्याच्या एकट्याकडे होता. त्या परवान्याचे नूतनीकरण आता तोंडावर आले होते. तो गेला की जयराज पिसाळ हा निव्वळ टॉर्चवाला उरणार होता, आणि टॉर्चवाल्याला कराडात कोण विचारतो?

भाव ठरवायची त्याची पद्धत त्याच्या मते शास्त्रीय होती. तो गिऱ्हाइकाचे पाय बघायचा. वहाण स्वच्छ असेल तर हा बंदूक खंडेनवमीला पुजण्यापुरती ठेवणारा, याला निकड नाही, याला सहाशे. पायाला चिखल असेल तर हा रानातून उठून आलेला, रानात वानरं उतरलेली, हा मुकाट्याने देणार, याला नऊशे. ज्याची अडचण मोठी त्याला दर मोठा, हे तत्त्व जगात आपणच पहिल्यांदा शोधले असे त्याला वाटे, आणि जेवताना तो ते बायकोला, म्हणजे संयोगिताला, समजावून सांगे. ती आमटी वाढत राही.

पुढे नऊशेही त्याला थोडे वाटू लागले. डोंगराकडचा भुईमूग भरत आला होता. शेंगा भरल्या की वानरांचे कळप उतरतील आणि डबी पंधराशेला जाईल, असा हिशेब मांडून त्याने उरलेल्या चोवीस डब्या मागच्या खोलीतल्या माळ्यावर टाकल्या आणि पाटीवर लिहिले, 'माल नाही'.

त्यानंतर चार दिवसांनी पाटणकडच्या डोंगरातली चंद्राबाई दुकानात आली. तिचा नवरा आकाराम त्याआधी तीनदा येऊन तीन वेगवेगळे भाव ऐकून परत गेला होता. घरच्या बंदुकीचा पीकसंरक्षणाचा परवाना चंद्राबाईच्या नावावर होता. सासऱ्याने पोटच्या पोराला सोडून तो सुनेच्या नावावर करायला लावला, यातच आकारामची सगळी माहिती आली.

"येक डबी द्या," चंद्राबाई म्हणाली.

"माल न्हाई, मावशी."

"आवं, आमच्या ह्यास्नी नऊशे सांगिटलंसा की."

"तवा व्हता."

"आन आता?"

"आता वरनंच येत न्हाई. मी काय घरात पाडतोय व्हय केपा?"

चंद्राबाईने वाद घातला नाही. तिने पिशवीतून परवान्याचे पुस्तक काढून गल्ल्यावर ठेवले आणि म्हणाली, "मग न्हाई म्हणून लिहून द्या."

"काय लिहून द्या?"

"दाखला. वानरांनी निम्मा भुईमूग उपसलाय. भरपाईचा अर्ज केला तर त्यो सायेब म्हनतोय, बाई, घरात बंदूक हाय, मग बार का काडला न्हाई? केपाच मिळत न्हाईत हे त्येला कुनी सांगायचं? तुमी सांगा. शिक्का मारून."

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण शिक्का मारायचा म्हटले की जयराजचा हात आपोआप पुढे जाई. त्याने दुकानाच्या छापील कागदावर मोठ्या ऐटीत लिहिले की, 'दाखला देण्यात येतो की, आमचे दुकानी चालू महिन्याच्या एक तारखेपासून केपांचा साठा शून्य आहे.' खाली सही ठोकली, शिक्का मारला आणि कागद पुढे करता करता मागे घेतला.

"पन्नास रुपये."

"कशाचं?"

"दाखल्याचं."

चंद्राबाईने पन्नासाची नोट दिली आणि दाखल्याची घडी पिशवीत टाकून ती निघून गेली.

आपल्याकडे माणूस एकवेळ बंदुकीशिवाय राहील, पण दाखल्याशिवाय राहणार नाही. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे सतरा माणसे उभी होती. भुईमूगवाले होते, मकावाले होते, आणि ज्यांच्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते असेही होते. केपा कुणीच मागत नव्हते, सगळ्यांना केपा नसल्याचा कागद हवा होता. जयराजने दाखल्याचा दर शंभर केला. ज्याच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती त्याला दीडशे. आठवड्याभरात त्याने एकसष्ट दाखले विकले. शेजारच्या हाफिजचे झेरॉक्स मशीन दुपारी तापून बंद पडू लागले.

"जयराजभाऊ," हाफिज म्हणाला, "तुमच्या बंदुकीपरीस शिक्काच जास्त चालतोय की. दुकानाचं नाव बदला आता."

संयोगिताला मात्र हे काही पटेना. "आवं, माळ्यावर डब्या असताना न्हाईत म्हणून लिहून देताय. उद्या कुणी बघाय आलं तर?"

"कोण येतंय बघाय?"

"रजिस्टर बघत्यात की."

"रजिस्टर कोण लिहितं? मीच लिहितो," जयराज म्हणाला, आणि हे आपण फार मोठे काही बोललो असे वाटून त्याने आणखी भात घेतला.

एकसष्ट अर्ज दाखल्यांसकट फिरत फिरत साताऱ्याला परवाना शाखेत पोचले. तिथल्या अधिकारी प्रांजल मॅडम नव्या होत्या आणि आलेला कागद वाचायची वाईट खोड त्यांना होती. त्यांच्याच टेबलावर पिसाळ शस्त्र भांडाराचा गेल्या महिन्याअखेरचा तक्ता होता. तक्त्यात शिल्लक चोवीस डब्या. दाखल्यांत, दुसऱ्याच दिवसापासून, शून्य. त्यांनी फोन उचलला आणि उद्या अकरा वाजता साठा तपासायला येते, एवढेच सांगून ठेवून दिला.

जयराजने फोन ठेवला आणि माळ्याकडे पाहिले. दाखले खरे म्हणावेत तर डब्या गेल्या कुठे, आणि डब्या दाखवाव्यात तर एकसष्ट खोटे दाखले. दोन्हीकडून परवाना जात होता. अर्धा तास घाम पुसल्यावर त्याला एक वाट दिसली. रजिस्टर महिनाअखेरीला एकदम भरायची त्याची जुनी सवय होती, त्यामुळे एक तारखेचे पान कोरे होते. चोवीसच्या चोवीस डब्या एक तारखेलाच विकल्या असे दाखवायचे. विकायच्या कुणाला, तर ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना आहे आणि जो तोंड उघडणार नाही अशाला. असे घरातलेच चौघे होते. तो स्वतः, माहेरच्या रानापायी परवाना असलेली संयोगिता, मलकापूरचा मेहुणा नाथाजी आणि चुलत भाऊ शंभूराज. प्रत्येकी सहा डब्या.

त्याच रात्री तो डब्या वाटायला निघाला. शंभूराजने काही न विचारता सहा डब्या ठेवून घेतल्या, कारण तो झोपेत होता. नाथाजी मात्र निवृत्त हवालदार निघाला.

"दाजी, मी फौजेत वीस वर्सं स्टोअर सांभाळलाय," तो म्हणाला. "ठेवतो डब्या. पण परत न्यायच्या तवा भाव बोलू."

"भाव कसला? माझ्याच हायत त्या."

"तुमच्याच रजिस्टरात माज्या हायत."

घरी त्याने स्वतःच्या सहा डब्या पलंगाखाली सरकवल्या. संयोगितानेही आपल्या सहा डब्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली कमरेला खोचली.

एवढे सगळे करून रजिस्टर लिहायला सकाळचे साडेदहा झाले. नोंदी जुन्या दिसाव्यात म्हणून त्याने वडिलांचे शाईपेन शोधून काढले होते. शेवटची ओळ लिहून तो फुंकर मारणार, तोच प्रांजल मॅडम पायरी चढून आत आल्या. सरकारी माणूस वेळेआधी येतो हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

मॅडमनी मागची खोली पाहिली, माळा पाहिला, दुकानातली कपाटे उघडायला लावली. कुठेही केप नव्हती.

"शून्य," त्या म्हणाल्या. "म्हणजे दाखला बरोबर आहे."

"आमचं सगळं कायद्यानं असतं, मॅडम," जयराज म्हणाला आणि त्याने चहा सांगितला.

मॅडमनी रजिस्टर उघडले आणि एक तारखेच्या नोंदींवरून अंगठा फिरवला. अंगठा निळा झाला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिले, मग जयराजकडे.

"एक तारखेची शाई आज एकवीस तारखेला ओली कशी?"

"संगमाचं गाव हाय मॅडम. हवा लय दमट."

"मागच्या पानावरची वाळली आहे."

जयराजने मागच्या पानाकडे रागाने पाहिले.

"चारच गिऱ्हाईकं," मॅडम पुढे वाचू लागल्या. "तुम्ही, तुमची पत्नी, मेहुणा आणि भाऊ. चौघांचे परवाने कशासाठी आहेत?"

"पीकसंरक्षणासाठी."

"छान. आता नीट ऐका. तुमच्या नूतनीकरणाची फाईल माझ्याकडे आहे. ह्या नोंदी खोट्या आहेत असं मी लिहू शकते. किंवा खऱ्या आहेत असं धरू शकते. खऱ्या धरायच्या तर ह्या डब्या पिकासाठीच वापरायला हव्यात. ज्या एकसष्ट जणांना तुम्ही केपा नाहीत म्हणून लिहून दिलंत, त्यांची रानं आहेतच. तुम्ही चौघांनी तिथे राखण करायची. डब्या संपेपर्यंत."

"चोवीसशे बार, मॅडम?"

"नुसते बार. छर्रा घालायचा नाही. एखाद्या वानराला लागलं तर त्याची वेगळी फाईल होईल."

"आन दुकान?"

"माल शून्य असलेलं दुकान उघडून काय करणार?" असे म्हणून मॅडमनी निळा अंगठा त्याच्याच एका दाखल्याला पुसला आणि हमीपत्राचा मजकूर सांगायला सुरुवात केली. चहा आला तेव्हा जयराज सही करत होता.

अशा रीतीने आजोबांच्या परवान्यासाठी जयराज पिसाळ रोज सकाळी सातच्या एसटीने पाटणकडे जाऊ लागला. त्याच्या वाट्याला चंद्राबाईचे आणि तिच्या शेजारची राने आली. वानरे पहिले दोन दिवस बाराला घाबरली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आले की हा माणूस एकदा बार काढला की दारू ओतायला, ठासायला आणि केप बसवायला पाच मिनिटे घेतो. मग ती बार झाला की आंब्यावर जात, तो ठासू लागला की खाली उतरत आणि निवांत शेंगा खात. आयुष्यभर हा माल विकलेल्या माणसाला बंदूक ठासता येत नाही हे कळायला वानरांना तीन दिवस लागले, गिऱ्हाइकांना इतकी वर्षे कळले नव्हते.

"शेट, नुसतं दारू वतत बसू नगा," चंद्राबाई बांधावरून सांगे. "मधनं वरडत बी जावा. तुमचं वरडनं बंदुकीपरीस बरं हाय."

बाकीच्यांचे बरे चालले होते. नाथाजीने वानरांचा नकाशा काढला होता. शंभूराज रानातल्या मचाणावर झोपे, पण तो इतका घोरे की त्या रानात वानर फिरकत नसे. संयोगिता तर पहिल्या आठवड्यातच पटाईत झाली. तिच्या बाराला वानरे डोंगरापलीकडे जात, आणि दुपारी तिला चार घरांतून जेवायला बोलावणे येई. जयराज बांधावर बसून घरची भाकरी खाई आणि तिला लोक देत असलेले लोणचे लांबून बघे.

महिना सरला. त्याची शेवटची डबी निम्मी उरली असताना बातमी आली की सांगलीत नवा माल आलाय, छापील चारशेला, हवा तेवढा. नूतनीकरणाची फाईल अजून साताऱ्यात होती आणि मॅडम रजेवर होत्या. जयराजने हे सगळे ऐकून एक केप बसवली, बार काढला आणि ओरडायचेही विसरला.

संध्याकाळी चंद्राबाई शेंगांची पाटी घेऊन बांधावर आली. भुईमूग बऱ्यापैकी वाचला होता, म्हणून ती खुशीत होती.

"शेट, आता तुमचं काम उरकलंच की. पाचगणीला माजी भन हाय. स्ट्रॉबेरीची रोपं लावल्यात, वानरं उपसत्यात. राखणीला मानूस मिळंना म्हनत व्हती. तिला म्हनलं, आमचा मानूस धाडते."

'आमचा माणूस' म्हणजे आपण हे उमगायला जयराजला जरा वेळ लागला. त्याला मनापासून वाईट वाटले. पण दुकान बंद, हातात पैसा नाही, आणि माणूस मिळत नाही हे शब्द कानावर पडलेले. व्यापाऱ्याच्या जिभेला राहवेना.

"मानूस मिळत न्हाई म्हणताय, तर दर बी तसाच पडंल, मावशी," तो म्हणाला. "दिवसाला हजार."

चंद्राबाईने त्याला निरखून पाहिले.

"मिळत न्हाई हे मागल्या म्हैन्यातलं. आता शिकल्याली चार मानसं येकदम मोकळी व्हायला लागल्यात. दर पडलाय. तुमचं मेव्हनं पाचशेला तयार झालं व्हतं."

"व्हतं म्हंजे?"

"आवं, संयोगिताबाई तीनशे म्हनल्या. त्यांच्या डब्या कवाच संपल्यात. आज सकाळच्या यस्टीनं गेल्या बी पाचगणीला. म्हैनाभर ऱ्हानार हायत. तुमाला बोलल्या न्हाईत?"

जयराजने बंदूक खांद्याला अडकवली आणि विचारले, "मावशी, अडीचशेला आणि कुणाची राखण हाय का?"